मागण्याची सोय : बीकन हिल व्हिलेजची वाटचाल

ज्येष्ठ नागरिक संघाच्या स्मरणिकेत इतिहास म्हटला की स्थापनेची सभा, पहिले अध्यक्ष, जागेसाठी महापालिकेत मारलेले हेलपाटे आणि शेवटी देणगीदारांची यादी. आपला तो इतिहास याच अंकात दुसरीकडे आहेच. संपादक मंडळाने माझ्याकडे मात्र परक्या संस्थेचा इतिहास मागितला, अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातल्या बीकन हिल व्हिलेजचा. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. हल्ली आपल्या सभांत विषय कुठलाही असो, गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते: वृद्धाश्रमात जायचं नाही, परदेशी मुलांकडे सहा महिन्यांच्या वर करमत नाही, मग राहत्या घरात शेवटपर्यंत राहायचं कसं? बॉस्टनमधल्या दहा-बारा जणांनी १९९९ मध्ये हाच प्रश्न एकमेकांना विचारला आणि त्यातून एक संस्था उभी राहिली.

आधी जागेविषयी, कारण या गोष्टीत जागेला फार महत्त्व आहे. बीकन हिल ही बॉस्टनच्या मध्यावरची टेकडी. माथ्यावर मॅसॅच्युसेट्स राज्याचं विधान भवन, सोनेरी घुमटाचं, १७९८ मध्ये पूर्ण झालेलं. उतारावर विटांची उंच, अरुंद घरं एकमेकांना खेटून उभी. घरात जिने चिंचोळे आणि चढे. रस्त्यावर गॅसचे दिवे आजही जळतात, दिवसासुद्धा. फुटपाथ विटांचे. १९४७ मध्ये नगरपालिका हे फुटपाथ उखडून सिमेंटचे करायला निघाली, तेव्हा इथल्या बायका खुर्च्या टाकून विटांवर जाऊन बसल्या आणि विटा वाचल्या. पुढे १९५५ मध्ये हा भाग वारसा क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून रस्त्यावरून दिसेल असा कुठलाही बदल करायचा तर वारसा आयोगाची परवानगी लागते. वारसा राहिला खरा, पण झाडांच्या मुळांनी उचकटलेल्या त्याच विटांवरून जानेवारीच्या बर्फात ऐंशीच्या माणसाने दूध आणायला कसं जायचं, याचं उत्तर वारसा आयोगाकडे नसतं. मुलीकडे गेलो असताना त्या उतारावरून मीही चाललो आहे. उन्हाळ्यातसुद्धा नजर खालीच ठेवावी लागते.

अशा जागी आयुष्य काढलेल्या माणसाला म्हातारपणी तिथल्या रिवाजाप्रमाणे तीनच वाटा होत्या. पहिली, उबदार प्रदेशातल्या निवृत्तांच्या वसाहतीत जायचं. ॲरिझोनातली सन सिटी १९६० मध्ये सुरू झाली तेव्हापासून ही वाट मळलेली आहे. दुसरी, जेवणखाण आणि थोडीफार देखभाल मिळणाऱ्या निवासात खोली घ्यायची. तिसरी, नर्सिंग होम. आपल्याकडे समज असा की तिकडे म्हाताऱ्यांचं सगळं सरकार बघतं. ते खरं नाही. मेडिकेअर ही १९६५ ची सरकारी योजना रुग्णालयाचा आणि डॉक्टरचा खर्च उचलते. पण रोज अंघोळ घालायला, भरवायला, उठवून बसवायला माणूस लागला तर त्याचे पैसे मेडिकेअर देत नाही. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर प्रशिक्षित शुश्रूषेसाठी फार तर शंभर दिवस, तेही अटींसह. पुढे आपलं आपण, किंवा होतं नव्हतं ते संपवून गरिबांसाठीच्या मेडिकेडच्या दारात. २००६ च्या सुमाराला नर्सिंग होममधल्या स्वतंत्र खोलीचा देशाचा सरासरी दर वर्षाला पाऊण लाख डॉलरच्या घरात होता.

बीकन हिलवरच्या त्या मंडळींपैकी बऱ्याच जणांनी स्वतःच्या आई-वडिलांची शेवटची वर्षं जवळून पाहिली होती आणि त्यांना यातली एकही वाट नको होती. सुसान मॅकव्हिनी-मोर्स हे त्यांच्यातलं पुढे सर्वांत माहीत झालेलं नाव. ही माणसं शिकलेली, संस्था चालवलेली, सभेचं इतिवृत्त कसं लिहायचं हे जाणणारी. एकमेकांच्या घरी बसून त्यांनी दोनेक वर्षं काथ्याकूट केला. मुलांवर भार नको, सरकारच्या मदतीवर विसंबायचं नाही, आणि कुणाची दया तर नकोच, इतकं पक्कं होतं. इमारत बांधायची नाही हेही ठरलं. सभासदांचं राहतं घर हीच जागा, संस्थेने फक्त त्याभोवती माणसं उभी करायची. २००१ मध्ये नोंदणी झाली आणि २००२ च्या फेब्रुवारीत सभासदांसाठी काम सुरू झालं. सभासद व्हायला वयाची अट पन्नास. साठ नव्हे, पन्नास. ती का, हे पुढे येईलच.

कामाची रीत अगदी साधी. एक लहानसं कार्यालय, पगारावरची मोजकी माणसं आणि एक फोन नंबर. सभासदाने त्या नंबरवर काय लागतं ते सांगायचं, बाकीचं कार्यालयाने बघायचं. काही कामं स्वयंसेवक करतात, त्याचे पैसे नाहीत. काहींसाठी नळवाला, सुतार, इलेक्ट्रिशियन किंवा घरी येऊन देखभाल करणारी एजन्सी लागते. त्यांची यादी संस्थेकडे असते, पारखून घेतलेली, आणि सभासदांना दरात सूट मिळते. आठवड्याला बाजारहाटासाठी गाडी. याखेरीज व्याख्यानं, चालण्याचे गट, सहभोजनं, संग्रहालयांच्या भेटी. या सगळ्याची दिशा सभासदच ठरवतात.

हे वाचताना फार मोठं वाटत नाही, म्हणून दोन कामं जरा जवळून सांगतो.

तिकडे प्रत्येक घराच्या छताला धूर ओळखणारं यंत्र असतं, कायद्यानेच लावावं लागतं. त्याची बॅटरी उतरली की ते मिनिटा-मिनिटाला 'टुक' करतं. हे हमखास रात्री सुरू होतं. छत उंच, यंत्र त्याच्या मधोमध. एकट्या राहणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईंनी काय करायचं? इलेक्ट्रिशियन एवढ्याशा कामाला येत नाही, आला तर येण्याचेच पैसे चढे लावतो. मुलगा दुसऱ्या राज्यात. मग बाई शिडी काढतात. खुब्याचं हाड मोडल्याच्या कितीतरी गोष्टी अशाच सुरू होतात, आपल्याकडे पंख्याची पाती पुसताना आणि माळ्यावरचे डबे काढताना होतात तशा. व्हिलेजला फोन केला की सकाळी कुणीतरी शिडी, बॅटरी घेऊन येतं. दहा मिनिटांचं काम. येणारा बहुधा पासष्टीचा, स्वतःही सभासद. काम झाल्यावर थोडा वेळ बसतो, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात येतं की बाईंच्या फ्रीजमध्ये काही नाही.

दुसरं काम रुग्णालयाचं. बीकन हिलच्या पायथ्याशीच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल आहे, १८११ पासूनचं, जगात नावाजलेलं. पण गुंगी देऊन मोतीबिंदू काढला किंवा आतड्याची तपासणी केली की तिथली रुग्णालयं पेशंटला एकट्याने टॅक्सीत बसून घरी जाऊ देत नाहीत. न्यायला ओळखीचं माणूस हवं. त्याचं नाव आधी लिहून द्यावं लागतं, नाहीतर तारीखच रद्द. चार हात अंतरावर उत्तमातलं उत्तम रुग्णालय आणि घरी न्यायला माणूस नाही म्हणून तपासणी पुढे ढकललेली, अशी माणसं त्या देशात भरपूर. या धर्तीवर पुढे निघालेल्या व्हिलेज संस्थांच्या कामात गाडीने ने-आण करण्याला एवढं मोठं स्थान मिळालं ते यामुळेच.

आता पैशाचं. २००६ च्या सुमाराला एका माणसाची वर्गणी वर्षाला ५५० डॉलर होती आणि एका घराची ७८०. तेव्हाच्या भावाने माणशी साधारण पंचवीस हजार रुपये. आपल्या संघात वर्गणी थोडी वाढवायची म्हटली की वार्षिक सभा दोन तास लांबते, त्या हिशोबाने हा आकडा डोळे पांढरे करणारा आहे. पण माझ्या मते या संस्थेने शोधलेली खरी गोष्ट वर्गणीच आहे. फोन नंबर कुणीही देईल. शेजाऱ्याला एकदा सांगता येतं, दोनदा सांगता येतं, तिसऱ्यांदा जीभ रेटत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची कामं करून दिलेल्या माणसाला तर शब्द टाकणं फारच जड जातं. 'कशाला कुणाला त्रास' म्हणत तो शिडी काढतो. मिंधेपणाची ही भीती म्हातारपणातल्या गुडघेदुखीइतकीच खरी असते आणि तिच्यावर गोळी नाही. वर्गणी भरली की मागणं हा हक्क होतो. फोन उचलणाऱ्याचं ते कामच असतं, त्यामुळे आभार मानावेत पण ओशाळायचं कारण नाही. संस्थापकांनी दया नको, सभासदत्व हवं असं जे पहिल्यापासून धरून ठेवलं, त्यामागे ही समज होती. स्वयंसेवक फुकट काम करतात आणि सभासद पैसे भरतो, यात काहींना विसंगती दिसते. मला ती फार शहाणपणाची वाटते. सभासदाने भरलेले पैसे स्वयंसेवकाला जात नाहीत, ते सभासदाची भीड मोडायला खर्ची पडतात.

पहिली चार वर्षं हे काम त्या टेकडीपुरतं आणि आसपासच्या वस्त्यांपुरतं होतं. सभासद तीनशेच्या वर गेले. २००६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांच्यावर सविस्तर लेख आला आणि कार्यालयाचा फोन सभासदांना लागेनासा झाला. देशभरातून विचारणा. संस्थापकांनी मग आपली सगळी पद्धत, हिशोबासकट, एका मार्गदर्शक पुस्तिकेत लिहून काढली. २००७ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमध्ये कॅपिटल हिल व्हिलेज सुरू झालं, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत अव्हेनिदास व्हिलेज. २०१० मध्ये एनसीबी कॅपिटल इम्पॅक्ट या ना-नफा वित्तसंस्थेच्या साथीने 'व्हिलेज टू व्हिलेज नेटवर्क' ही शिखर संस्था झाली. पुढच्या दशकात अशा व्हिलेज संस्था दोनशेच्या वर गेल्या. ऑस्ट्रेलियात सिडनीमध्ये वेव्हर्टन हब २०१३ मध्ये याच धर्तीवर उभं राहिलं. कुणाचीच कुणावर मालकी नाही, शाखा नाहीत. प्रत्येकाने आपापल्या गावाप्रमाणे नियम केले. काहींनी पगारी माणूस न ठेवता सगळंच स्वयंसेवकांवर सोपवलं, काहींनी वर्गणी अगदी कमी ठेवली किंवा ठेवलीच नाही.

स्मरणिकेत कौतुकच छापायचं असतं असा एक अलिखित नियम आहे. तो मी इथे पाळत नाही, कारण या संस्थेच्या अडचणी तिच्या यशापेक्षा आपल्या जास्त उपयोगाच्या आहेत.

बीकन हिल ही श्रीमंतांची वस्ती आहे, हा आक्षेप पहिल्या दिवसापासूनचा. संस्थेने कमी उत्पन्नाच्या सभासदांसाठी सवलतीची वर्गणी ठेवली, त्यांना सेवा घेण्यासाठी वर काही रक्कमही जमा करून दिली, आणि त्याचे पैसे देणग्यांतून उभे केले. तरी मूळ मुद्दा सुटत नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले अँड्र्यू शारलाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या व्हिलेज संस्थांची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. तीत सभासद बहुतांशी गोरे आणि खाऊनपिऊन सुखी असल्याचं दिसलं. उत्पन्नाचा साधारण अर्धाच भाग वर्गणीतून येतो, बाकी देणग्या आणि अनुदानं, हेही त्याच पाहणीत आलं. म्हणजे जिथे वर्गणी एवढी मोठी, तिथेही संस्था निव्वळ वर्गणीवर चालत नाही. दरवर्षी झोळी घेऊन फिरावंच लागतं.

दुसरी अडचण वयाची. सभासद व्हा म्हटलं की सत्तरीचा माणूस म्हणतो, 'अजून वेळ आहे.' तोच माणूस पंच्याऐंशीला पडल्यावर फोन करतो, तेव्हा त्याला लागणारी मदत व्हिलेजच्या आवाक्याबाहेर गेलेली असते. पन्नाशीपासून दार उघडं ठेवण्याचं कारण हे. धडधाकट असताना आलेला माणूस आधी दुसऱ्याची बॅटरी बदलतो, वर्गणी भरतो, ओळखी करतो आणि पुढे स्वतःसाठी फोन करतो. सगळेच फोन करणारे झाले तर उचलायला कुणी उरत नाही. व्याख्यानं आणि सहभोजनं वरवर शोभेची वाटतात, पण 'अजून वेळ आहे' म्हणणाऱ्यांना आत आणण्याचं दार तेच आहे.

आणि तिसरी, जिच्याबद्दल कुणालाच फारसं बोलायचं नसतं. स्मृतिभ्रंश वाढला, माणूस अंथरुणाला खिळला, तर व्हिलेज काय करणार? अंघोळ, औषधपाणी, रात्रीची सोबत ही कामं स्वयंसेवक करत नाहीत, आणि करूही नयेत. संस्था चांगली एजन्सी सुचवते, मुलांशी बोलते, भेटायला माणूस पाठवते. खर्च ज्याचा त्याला. घरातच शेवट व्हावा ही इच्छा पैसे असणाऱ्याची पुरी होते, नसणाऱ्याची अर्धवट राहते. व्हिलेजने ही रेघ पुढे ढकलली, पुसली नाही.

याच कारणासाठी मला अमेरिकेतलंच दुसरं एक उदाहरण आपल्याला जास्त जवळचं वाटतं. न्यूयॉर्कच्या चेल्सी भागातली पेन साउथ ही सहकारी वसाहत. कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या युनियनच्या पुढाकाराने ती उभी राहिली, दहा इमारती, २,८२० घरं. १९६२ मध्ये तिच्या समर्पण सोहळ्याला राष्ट्राध्यक्ष केनेडी आले होते. कामगार तिथेच राहिले आणि तिथेच म्हातारे झाले. १९८६ मध्ये वसाहतीने ठरवलं की म्हाताऱ्यांनी बाहेर जायचं नाही, सेवा आत आणायच्या. समाजसेविका, नर्स, बसायला-बोलायला जागा, सगळं वसाहतीतच. पैसे काही सहकारी संस्थेचे, काही धर्मादाय संस्थांचे. नव्वदच्या दशकात न्यूयॉर्क राज्याने अशा वसाहतींसाठी सरकारी निधीची वाट काढली. बीकन हिलच्या दीड दशक आधीची ही गोष्ट, पण तिला एवढी प्रसिद्धी मिळाली नाही. टेकडीवरच्या घरांचे फोटो छान येतात, कामगार वसाहतीचे येत नाहीत. आपल्या हाउसिंग सोसायट्या, म्हाडाच्या वसाहती, बँक आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सहकारी कॉलन्या पेन साउथच्या वळणाच्या आहेत. एका वयाची माणसं एका वेळी राहायला आली आणि आता एकदमच म्हातारी झाली. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर अडकलेले किती सभासद आहेत हे आपल्या संघाला तोंडपाठ आहे.

तिकडच्या मराठी मंडळींचंही सांगायला हवं. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलल्यावर गेलेले डॉक्टर, इंजिनियर आज ऐंशीच्या आसपास आहेत. तिकडच्या मराठी मंडळांच्या, म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, अधिवेशनांना जोडून 'उत्तररंग' हा कार्यक्रम सुरू झाला तो त्यांच्यासाठीच. त्यांची अडचण बीकन हिलच्या उलटी. टेकडीवर निदान कोपऱ्यावर दुकान आहे. उपनगरात मोठ्या घरात राहणाऱ्याचं गाडी चालवणं सुटलं की दुधाची पिशवीसुद्धा दुसऱ्याच्या हाती. मुलं त्याच देशात, पण विमानाच्या अंतरावर. बोलता बोलता त्यांच्यातले काही म्हणतात की तुमचं बरं, पुण्यात हाकेला माणूस आहे. खरं म्हणजे हाकेला माणूस मिळतो तो पैसे देऊन, ब्युरोतर्फे, आणि महिन्याभरात बदलतो.

२०२० च्या कोविडच्या साथीत व्हिलेज संस्थांच्या जाळ्याचा कस लागला. बाहेर पडणं बंद, स्वयंसेवक स्वतःच साठीच्या पुढचे, म्हणजे धोक्यातले. ठिकठिकाणच्या व्हिलेज संस्थांनी सभासदांना नेमाने फोन करायला सुरुवात केली, वाणसामान आणि औषधं दाराशी ठेवली, व्याख्यानं झूमवर नेली. ऐंशीच्या माणसांना झूम शिकवणं हे स्वतंत्रच काम होऊन बसलं. कोण एकटं आहे, कुणाकडे औषध संपत आलं आहे, हे कार्यालयाला आधीपासून माहीत होतं. यादी नव्याने करावी लागली नाही.

आपल्याकडे काय आहे ते पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे दहा कोटींहून अधिक होते. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी, एल्डरलाइन, आहे, पोलीस ठाण्यात एकट्या ज्येष्ठांची नोंद करता येते, पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट आहे. गल्लोगल्ली ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांचा महासंघ आहे, विरंगुळा केंद्रं आहेत. इतकं विणलेलं जाळं बीकन हिलच्या मंडळींना सुरुवातीला नव्हतं. पण आपल्या संघांचं काम बहुतेक चालत्या-फिरत्या सभासदांसाठी असतं. वाढदिवस, सहल, हास्यक्लब, नेत्रतपासणी. सभासद यायचा थांबला की दोन महिने 'अहो, काका दिसले नाहीत हल्ली' असं होतं आणि मग नाव मागे पडतं. ते आजारी असतात, पण घरीच असतात. संघाची खरी गरज त्यांना तिथून सुरू होते.

कार्यकारिणीपुढे जो प्रस्ताव आहे तो बीकन हिलची नक्कल नाही, आपल्या ऐपतीतला आहे. एक मोबाइल, सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सात. उचलणारी व्यक्ती मानधनावर. पारखलेल्या नळवाल्यांची, रिक्षावाल्यांची, नर्सिंग ब्युरोंची यादी. दवाखान्यात सोबत जाणाऱ्या सभासदांची वेगळी वही, कोणाला कुठले वार जमतात त्यासकट. यायचे थांबलेल्या प्रत्येक सभासदाला पंधरा दिवसांतून एक फोन. वर्गणीत वाढ सुचवली आहे, ज्यांना जड जाईल त्यांच्यासाठी सहलीच्या निधीतून तरतूद. सहलीच्या निधीला हात लावण्यावरून कुरबुर सुरू झाली आहे, ती सभेत होईलच. वहीत आतापर्यंत आलेली नावं बहुतेक सत्तरीच्या आतल्या महिला सभासदांची आहेत. पुरुष सभासदांच्या रकान्यात बरीच जागा आहे.